अकराशे अठ्ठेचाळीस वेळा चितपट

नाव : आकाराम जोतिबा फडतरे. वय : त्रेचाळीस. राहणार : हिवरवाडी खुर्द, तालुका खटाव, जिल्हा सातारा. उंची : सहा फूट एक इंच. वजन : एकशे आठ किलो (सोसायटीच्या खताच्या काट्यावर, चपलांसह). बांधा : एके काळी मजबूत. ओळखीची खूण : दोन्ही कान चेंबलेले, डाव्या भुवईवर टाके, मान उजवीकडे पूर्ण वळत नाही. शिक्षण : बारावी, कला शाखा, दुसरा प्रयत्न. व्यवसाय : कुस्ती, अमेरिका, चौदा वर्षे. अर्जाचा विषय : गावच्या तालमीत मुलांना कुस्ती शिकवण्याची परवानगी मिळणेबाबत. शेरा : सदर इसम परदेशात एकूण १,१४८ वेळा चितपट झाल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे.

हा कागद तालीम समितीचे सचिव लालासाहेब यांनी स्वतःच्या हाताने तीन प्रतींत लिहिला. लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गेली सोळा वर्षं आसपासच्या मैदानांत ते माइकवरून कुस्त्यांचं निवेदन करतात. एरवी बोलताना त्यांना कुठे थांबावं ते कळत नाही. लिहिताना मात्र सैन्याची शिस्त आडवी येते आणि ते नेमकं लिहितात. १,१४८ हा आकडा त्यांनी कष्टाने मिळवला होता. आकारामच्या अमेरिकेतल्या एकसष्ट कुस्त्या मोबाइलवर सापडल्या. त्या त्यांनी एका हिवाळ्यात, चष्मा पुसत, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या आणि आकारामची पाठ खाली टेकली की वहीत एक रेघ ओढली.

मातीतल्या कुस्तीचा हिशेब साधा आहे. पाठ लागली की संपलं. अमेरिकेतल्या त्या कुस्तीत मात्र पाठ लागली की खेळ जेमतेम सुरू होतो. खांदे टेकवून पंचाने तीनदा हात आपटेपर्यंत हार नाही. तोवर माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो, दोरांवरून उडी मारून पुन्हा पडतो. एकेका कुस्तीत अठरा-एकोणीस वेळा. लालासाहेबांनी हे सगळं पाहिलं, त्यांना ते समजलंही. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून ते रेघा ओढत राहिले. त्या एकसष्टांपैकी चौदा कुस्त्या आकारामने जिंकल्या होत्या. वहीनुसार त्यांतही तो प्रत्येकी पंधरा-वीस वेळा हरला. समोरच्याची पाठ किती वेळा लागली ते लालासाहेबांनी मोजलं नाही, कारण तो आपल्या गावचा नव्हता.

आकाराम अमेरिकेला गेला कसा, हे एक वेगळंच. २००९ साली तिकडच्या एका मोठ्या कंपनीची माणसं थोराड हाडाची पोरं शोधत मुंबईला आली. सांगलीच्या ज्या तालमीत आकाराम नऊ वर्षं होता तिथून चौघे गेले. तिथे कुस्ती कुणी खेळायला सांगितलीच नाही. रागावून दाखवा म्हणाले. तिघांनी डोळे वटारले, मांड्या ठोकल्या, एकाने खुर्ची उचलली. आकारामला मागणीप्रमाणे राग येईना, म्हणून तो नुसता उभा राहिला. त्याची निवड झाली.

मोठ्या कंपनीने आठ महिन्यांत त्याला सोडून दिलं. तोवर गावात त्याच्या नावाचा फ्लेक्स लागून, फाटून, एकाच्या गोठ्यावर आडोशाला गेला होता. परत यायची लाज वाटली, म्हणून तो ओहायो नावाच्या राज्यातल्या एका किरकोळ कंपनीत शिरला. तिचा मालक दिवसा जुन्या मोटारी विकायचा आणि शनिवारी कुस्त्या लावायचा. त्याने आकारामच्या कागदावर सांगली हे नाव वाचलं आणि तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं : ‘सांगली स्ट्रँगलर’, म्हणजे गळा आवळणारा. आकाराम सातारा जिल्ह्याचा आहे, हे त्याला सांगून उपयोग नव्हता; त्याच्या कानाला सातारा बसेना. इकडे हिवरवाडीत या गोष्टीचा जेवढा राग आला तेवढा पुढे ठरवून केलेल्या कुस्त्यांचाही आला नाही, असं काही जण अजून म्हणतात.

त्याला फेटा दिला, गळ्यात लाकडी मण्यांच्या माळा दिल्या, आणि कंबरेला हळदीची पुरचुंडी. पंचाची पाठ वळली की ती हळद समोरच्याच्या डोळ्यांत फेकायची आणि लोकांनी शिव्या घालायच्या, अशी योजना. पहिल्या दिवशी खरी हळद होती. रिंगचं कापड दोनदा धुऊनही पिवळं राहिलं, तेव्हापासून पिवळ्या रंगाचं मक्याचं पीठ आलं. तेरा वर्षं तो हेच पीठ फेकत होता. शाळांच्या जिमखान्यांत, बंद पडलेल्या दुकानांत आणि त्यांच्याकडच्या जत्रांत. एका जत्रेत त्याची कुस्ती डुकरांच्या प्रदर्शनानंतर आणि ट्रॅक्टरच्या शर्यतीआधी होती. लोकं तिन्हींना बसून राहिली.

सोमवार ते गुरुवार तो एका गोदामात ट्रक उतरवायचा. शुक्रवारी चौघे जण एका जुन्या गाडीतून निघायचे. सहाशे किलोमीटर जायचं, पंधरा मिनिटं आपटून घ्यायचं, पंपावर काहीतरी खायचं, सहाशे किलोमीटर परत. गाडीत गुडघे कुठे ठेवायचे हा त्याचा चौदा वर्षांतला मुख्य प्रश्न होता, असं तो सांगतो. बाकी प्रश्न नव्हते, कारण काय होणार ते ठरलेलं असायचं. बहुतेक वेळा त्याने हरायचं असायचं.

हरण्यात तो फार वाकबगार होता. समोरच्याने नुसता हात लावला तरी आकाराम असा उडायचा की त्या हातात मोठी ताकद आहे असं वाटावं. उचलताना तो स्वतःच टाचेने जमीन रेटून वर यायचा, म्हणजे किडमिड्या पोरालाही त्याला डोक्यावर धरता यायचं. पडताना हनुवटी छातीला, पाठ सपाट, दोन्ही तळहात एकाच वेळी खाली, आणि आवाज मोठा. नवीन पोरांची पहिली कुस्ती मालक मुद्दाम त्याच्याशी लावायचा. चौदा वर्षांत त्याच्या हातून एकाचंही बोट मोडलं नाही. हे तो कुणी विचारलं तर सांगतो. कुणी विचारत नाही.

२०२३ साली तिकडच्या डॉक्टरने त्याच्या मानेचा फोटो उजेडात धरला आणि कुस्ती बंद करायला सांगितलं. आकाराम परत आला. मधल्या एका सुट्टीत त्याचं लग्न झालं होतं. बायको संयोगिता गावातच अंगणवाडी चालवत होती. घर होतं, दोन एकर ऊस होता, भावाने नीट राखला होता. करण्यासारखं काही नव्हतं आणि नाही केलं तरी चालण्यासारखं होतं. पण त्याच्या मनात एकच गोष्ट होती. गावच्या तालमीत पोरांना शिकवायचं. चौदा वर्षं त्याने जो डाव लावला तो समोरच्याच्या संमतीने लागला होता. समोरच्याची इच्छा नसताना लागणारा डाव आपल्याला अजून येतो का, आणि येत असेल तर तो कुणाला तरी देऊन टाकावा, एवढंच त्याचं मागणं.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो तालमीत गेला. हिंदुराव वस्ताद दाराशी खुर्चीवर बसले होते. वय एक्याऐंशी, एका डोळ्याला दिसत नाही, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. सांगलीला जाण्याआधी आकारामला कुस्तीचं पहिलं अक्षर यांनीच शिकवलं होतं. आकाराम पाया पडला आणि आत जायचं म्हणून चप्पल काढायला वाकला.

“पायताण काढू नगंस,” वस्ताद म्हणाले.

याचा अर्थ तिथल्या शेंबड्या पोरालाही कळला. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नूरा म्हणतात. पैलवान दारू प्याला, भांडला, वस्तादाला उलट बोलला, तर त्याला चार जोर जास्त मारायला लावून तालीम माफ करते. नूरा करणाऱ्याला मात्र हौद्यातल्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत पाय ठेवता येत नाही. चपला घालून दाराशी उभं राहायचं, बोलायचं असेल ते बोलायचं, आणि जायचं. आकाराम दीड वर्षं असा दाराशी उभा राहिला. कधी पोरांच्या पकडी पाहून त्याचे हात आपोआप हलायचे, मग तो ते खिशात घालायचा.

शेवटी त्याने अर्ज केला. समितीची बैठक झाली आणि लालासाहेबांनी वही उघडून १,१४८ वाचून दाखवले. आकारामने तीन मोजण्याचा नियम समजावून सांगितला. एक सदस्य म्हणाला की मग तर समोरचा पण तेवढ्याच वेळा चितपट झाला, म्हणजे कुस्ती बरोबरीत धरायला हरकत नाही. दुसऱ्याने विचारलं की तिकडे लंगोट घालू देतात का. असं अर्धा तास चाललं. वस्ताद डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असं वाटत होतं.

“मोजदाद ऱ्हाऊ द्या, लालासाहेब,” ते म्हणाले. “आकाराम, एवढंच सांग. कोन जिंकनार ते आदी ठरल्यालं आसायचं का?”

आकारामला नाही म्हणता आलं असतं. तिकडची भाषा कुणाला येत नव्हती, खोटं पकडणारं कुणी नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला.

“समद्या कुस्त्यांत?”

“समद्या, वस्ताद.”

लालासाहेबांनी वही मिटली. वस्तादांनी मात्र एक वाट ठेवली. चैत्रातल्या गावच्या यात्रेत मैदान भरतं. तिथे आकारामने एक कुस्ती करावी. निकाली, म्हणजे बरोबरीत सोडवायची नाही. समोर तालमीतला सगळ्यात चांगला गडी, जयराज. “जिंकायची अट न्हाई,” वस्ताद म्हणाले. “खरी पायजे. खरी झाली तर पायताण काढ आनि आत ये.”

जयराज कोरेगावचा, तेवीस वर्षांचा, ब्याण्णव किलोचा, स्वभावाने गरीब. तो त्या संध्याकाळीच आकारामच्या घरी आला, चहा घेतला, मान कशी आहे ते विचारलं. आकारामने त्याला सांगितलं की मानेकडे बघायचं नाही, दया केलीस तर माझंच नुकसान आहे. जयराजने मान डोलावली. तो निघून गेल्यावर संयोगिता बराच वेळ भांडी आवरत होती.

“चौदा वरसं तितं पडलासा,” ती म्हणाली. “आता गावात पडून दावायचं ऱ्हायलंय व्हय?”

“दावाय न्हाई. शिकवाय चाललोय.”

“डॉक्टरला इचारलंय का?”

“त्यो न्हाई म्हनंल.”

“मग इचारूच नगा,” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी वडूजहून मानेला लावायचं तेल घेऊन आली. दोन महिने त्याने पहाटे उसाच्या बांधावर जोर-बैठका काढल्या. तीनशेवरून सुरुवात केली आणि दीडशेवर स्थिर झाला.

यात्रेच्या दिवशी मैदानात चार-पाच हजार माणूस होतं. पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग मधल्या, मग आमदारांचा सत्कार, मग आभाळ भरून आलं आणि गेलं. साडेपाचच्या सुमाराला लालासाहेबांनी ‘सातासमुद्रापार हिवरवाडीचं नाव नेणारे’ अशी सुरुवात केली. सांगलीचा उल्लेख त्यांनी टाळला. हलगी वाजली. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने लहानपणी अमेरिकन पैलवानांच्या चित्रांचे पत्ते जमवले होते, त्यामुळे मोबाइल वर झाले. वस्तादांना खुर्चीसकट उचलून आखाड्याच्या काठाला आणून ठेवलं होतं, चांगला डोळा आतल्या बाजूला येईल असं.

दोघांनी माती घेतली, सलामी झाली. पहिला मिनिटभर दोघे नुसते डोकं डोक्याला लावून हात झटकत होते. मग आकारामने काय केलं ते लोकांना कळायच्या आत तो जयराजच्या पाठीमागे होता आणि जयराज गुडघ्यांवर. हा कब्जा हिंदुराव वस्तादांचा होता, मनगट आतून धरायची त्यांची स्वतःची रीत. वस्तादांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. दोन मिनिटं आकारामने त्याला हलू दिलं नाही. जयराज खरोखर जोर लावत होता, त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि त्याची इच्छा अजिबात नव्हती. आकारामचं तोंड उघडं होतं, तो धापा टाकत होता. ज्यांनी त्याला तेव्हा जवळून पाहिलं ते म्हणतात की त्याच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता, कुठली तरी जुनी वस्तू सापडल्यावर माणूस ती उलटसुलट करून बघतो तसा तो दिसत होता.

मग पकड सुटली. जयराज खालून फिरला, हात आकारामच्या मांडीत घातला आणि कलाजंगसाठी खांदा लावला. कलाजंग म्हणजे गड्याला खांद्यावर आडवा घेऊन पलीकडे टाकायचा. ब्याण्णव किलोच्या पोराने एकशे आठ किलोचा माणूस असा उचलायचा तर निदान दात-ओठ खावे लागतात. जयराजला काही करावं लागलं नाही. आकाराम वर गेला. नुसता गेला, कापूस जावा तसा. वर गेल्यावर त्याची हनुवटी छातीला लागली, पाय जुळले, आणि तो खाली आला तो पाठीवर सपाट, दोन्ही तळहात एकाच वेळी मातीवर. आवाज पार देवळापर्यंत गेला.

इतकं देखणं पडणं त्या मैदानात कुणी पाहिलं नव्हतं. लालासाहेबांच्या हातात माइक होता आणि त्यांना शब्द सुचला नाही; सोळा वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मग मागून कोणीतरी हसलं. मग एक म्हणाला, “नूरा हाय रं.” मग ते सगळीकडूनच यायला लागलं. एक फुटकी नारळाची करवंटी आत आली. आकाराम उठून बसला होता आणि आपल्या डाव्या टाचेकडे बघत होता.

जयराजला पंचांनी विजयी म्हणून हात वर करायला लावला तर तो रडवेला झाला. “म्या उचललं न्हाई,” तो म्हणाला. “ते आपसूक आलं.” पोराने खरं तेच सांगितलं, आणि त्यामुळे आकारामची राहिलीसाहिली पतही गेली.

समिती तिथेच, देवळाच्या ओवरीत बसली. बाहेर लोक थांबले होते. वस्तादांनी आकारामला समोर बसवलं. त्याच्या मानेला संयोगिताने ओला टॉवेल गुंडाळला होता, त्यामुळे तो हार घातल्यासारखा दिसत होता.

“ठरल्यालं हुतं का?”

“न्हाई, वस्ताद.”

“मग उडी कुनी मारली?”

“मलाच ठावं न्हाई. जयराजनं खांदा लावला आनि टाच गेली. म्या न्हाई म्हनायच्या आदी गेली.”

एक सदस्य म्हणाला की हे कोर्टात टिकणार नाही. लालासाहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं आणि ते वस्तादांकडे बघत होते. वस्ताद म्हणाले की नूरा करणारा पाऊण तास लावतो. त्याला लोकांना कुस्ती दाखवायची असते, शिवाय शेवटी तो पालथा पडून राहतो, पाठ लावून घेत नाही, बरोबरी मागतो. चार मिनिटांत एवढ्या माणसांत पाठ लावून घ्यायला कोण ठरवेल. आणि तो कब्जा त्यांनी एका डोळ्याने का होईना पाहिला होता.

“कुस्ती खरी हुती,” ते म्हणाले. “लिवा.”

लालासाहेबांनी लिहिलं. आकारामने ओवरीच्या पायरीवर हात टेकला. त्याला उठायचं होतं की पाया पडायचं होतं ते कळलं नाही, कारण वस्ताद पुढे बोलले.

“आत यायला तुला आता कुनी आडवनार न्हाई. पर पोरांना पकड शिकवू नगंस, आकाराम. तुजं डोस्कं आपलं हाय. आंग दुसऱ्याचं ऐकतंय. त्ये पोरांत उतरंल.”

वाद घालण्याजोगं त्यात काही नव्हतं. आकारामने टॉवेल काढला, घडी घातली, पुन्हा मानेला गुंडाळला.

समितीला मात्र हा निकाल अडचणीचा वाटला. बाहेरच्या लोकांना नूरा नव्हती असं सांगायचं, म्हणजे माणूस खरा ठरवायचा. आणि खऱ्या माणसाला हातात काहीच द्यायचं नाही, हे कागदावर बरं दिसेना. तासभर विचार करून लालासाहेबांनी मसुदा तयार केला, तो वस्तादांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि वस्तादांनी हात हलवून मला घरी न्या म्हणून सांगितलं, ती संमती धरली गेली. ठराव क्रमांक सात असा : “श्री. आकाराम जोतिबा फडतरे यांचा परदेशातील प्रदीर्घ अनुभव लक्षात घेता, त्यांची या तालमीत ‘सुरक्षित पतन मार्गदर्शक’ या मानद पदावर पाच वर्षांसाठी नियुक्ती करण्यात येत आहे. डावपेचांशी त्यांचा संबंध राहणार नाही. वर्ग दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी सहा ते सात या वेळेत भरेल. वयोगट आठ ते चौदा. गावातील सर्व पालकांनी या संधीचा लाभ घ्यावा.”

आकाराम पावणेसहाला जातो, चप्पल दाराबाहेर काढतो आणि खोऱ्याने माती खालीवर करून ठेवतो. सात वाजता कडी लावून घरी येतो.

वर्ग सुरू होऊन सहा महिने झाले. हजेरीपटावर एकही नाव नाही.